कुरआन ओठांवर असतो, आत का उतरत नाही?

रमजान लागला की सोलापुरात विजापूर वेशीचा बाजार रात्री उशिरापर्यंत जागा असतो. मशिदींतून तरावीहच्या, म्हणजे रमजानातल्या रात्रीच्या खास नमाजात रोज कुरआनाचा पुढचा भाग म्हटला जातो आणि घरोघरी चौकशी होते, 'कितवा पारा (कुरआनाच्या तीस भागांपैकी) चाललाय?' याच दिवसांत मोबाईलवर एक आयतही, म्हणजे कुरआनातलं वचन, हमखास फिरते. दुसऱ्या सूरहतली (अध्यायातली), म्हणजे सूरह बकरातली सातवी आयत. तिचा आशय असा, की अल्लाहने न मानणाऱ्यांच्या हृदयांवर आणि कानांवर मोहर लावली आहे आणि त्यांच्या डोळ्यांवर पडदा आहे.

ही आयत दोन बाजूंनी फेकली जाते. एकजण दुसऱ्याला सुनावतो, 'तुला काय कळणार, तुझ्या मनावर मोहर आहे.' समोरचा म्हणतो, 'तुमच्या देवानंच कुलूप घातलं ना? मग न मानणाऱ्याचा काय गुन्हा?' वाद वाढतो, पण ही मोहर, हा पडदा म्हणजे नेमकं काय, ते बाजूलाच राहतं. हा गोंधळ फक्त बिगरमुस्लिमांचा आहे असंही नाही. रोज कुरआन वाचणाऱ्या कितीतरी माणसांना मनातून एक प्रश्न सलत असतो. इतक्यांदा वाचला, काहींनी तर तोंडपाठ केला, तरी वागण्यात फरक का पडत नाही?

या प्रश्नावर इस्लामी परंपरेत हजार वर्षांहून जास्त काळ बारकाईनं विचार झालाय. तो वाचताना मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती गोष्ट आधीच सांगतो. या पडद्यांची सगळ्यात कसोशीची चर्चा परक्या, अडाणी किंवा अविश्वासू माणसाबद्दल नाही. ती ग्रंथ हातात घेऊन बसलेल्या श्रद्धाळू वाचकाबद्दल आहे.

आधी 'हृदय' म्हणजे काय

कुरआनात यासाठी 'कल्ब' हा शब्द येतो. आपण हृदय म्हटलं की भावना, माया, हळवेपणा डोळ्यांपुढे येतो. कुरआनातलं कल्ब हे समजून घेण्याचं ठिकाण आहे. सूरह अल-आराफमध्ये (७:१७९) अशा लोकांचा उल्लेख आहे, ज्यांना हृदयं आहेत पण त्या हृदयांनी ते समजून घेत नाहीत, डोळे आहेत पण पाहत नाहीत, कान आहेत पण ऐकत नाहीत. सूरह हज (२२:४६) सांगते, की आंधळे डोळे होत नाहीत, छातीतली हृदयं आंधळी होतात. म्हणजे इथे समजणं हे डोक्याचं एकट्याचं काम मानलेलं नाही. माणसाची इच्छा, त्याची नियत, त्याचा अहंकार, त्याच्या सवयी, सगळं त्या समजण्यात मिसळलेलं आहे.

मराठीत आपण म्हणतो, 'कळतं पण वळत नाही.' खोटं बोलू नये हे कळतं, तोंडातून खोटं निघतंच. आपण ही माणसाची कमजोरी मानतो आणि पुढे जातो. कुरआन तिथे थांबत नाही. त्याचं म्हणणं असं, की कळूनही वळलं नाही, पुन्हा कळूनही वळलं नाही, असं होत राहिलं की एक दिवस कळायचंच बंद होतं. न वळण्याची किंमत कळण्याला चुकवावी लागते. पडद्यांची सगळी कल्पना या एका वाक्यात आहे असं म्हटलं तरी चालेल.

थर कसा चढतो

सूरह मुतफ्फिफीन (८३:१४) म्हणते, की ते जे कमावत होते त्याचाच गंज त्यांच्या हृदयांवर चढला. गंज बाहेरून कुणी आणून फासलेला नाही, तो स्वतःच्या कमाईचा आहे. या आयतीचा अर्थ सांगणारी पैगंबर मुहम्मद (स.) यांची एक हदीस, म्हणजे त्यांच्या वचनांची नोंद, तिर्मिजी यांच्या संग्रहात आहे. माणूस पाप करतो तेव्हा त्याच्या हृदयावर एक काळा ठिपका पडतो. त्यानं ते सोडलं, क्षमा मागितली, तौबा केली, म्हणजे पश्चात्तापानं मागे वळला, तर हृदय पुन्हा उजळतं. पुन्हा पाप केलं तर ठिपका वाढतो, आणि वाढत वाढत सगळं हृदय झाकून टाकतो.

सोलापूरकरांना हे समजायला अवघड नाही. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून अनेक घरांत बोअरचं पाणी वापरतात. ते हीटरला लावलं की काही महिन्यांत कॉइलवर पांढरा, खरखरीत थर बसतो. तो एका दिवसात दिसत नाही. कॉइल तापते, वीज तेवढीच जाते, मीटर पळत राहतो, पण पाणी कोमट. आपण कंपनीला दोष देतो. थर कोवळा असताना लिंबाच्या नाहीतर व्हिनेगरच्या पाण्यात कॉइल बुडवून ठेवली की तो सुटतो. वर्षानुवर्षं तसाच ठेवला तर आतली उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही आणि कॉइलच जळते. हदीसमधल्या ठिपक्याचं असंच आहे. वाचन चालू आहे, वेळ जातोय, आवाज गोड आहे, पण ऊब पोचत नाही.

कुरआनात या अडथळ्यांना वेगवेगळे शब्द आहेत. गंज, झाकण, कानातला जडपणा, मोहर, कुलूप. 'ते कुरआनावर विचार करत नाहीत का, की हृदयांवर कुलपं आहेत?' असा प्रश्न सूरह मुहम्मद (४७:२४) विचारते. मुजाहिद हे कुरआनाचे अगदी सुरुवातीच्या काळातले भाष्यकार. त्यांच्या नावावर या शब्दांची एक चढती भाजणी सांगितली जाते. गंज त्यातल्या त्यात हलका, मोहर त्याहून जड, आणि कुलूप सगळ्यात कठीण. रोग एका रात्रीत शेवटच्या टप्प्याला जात नाही, हे या भाजणीत दिसतं.

मोहर अल्लाहनेच लावली, मग माणसाचा दोष काय?

ही शंका आजची नाही, मुस्लिम विचारवंतांनीच ती जुन्या काळी जोरात मांडली. मुअतझिला नावाचा एक विचारपंथ होता. अल्लाह न्यायी आहे, तर तो आधी मन बंद करून मग शिक्षा देणार नाही, असा त्यांचा आग्रह. त्यांच्या परंपरेतले मोठे भाष्यकार झमख्शरी (मृत्यू ११४४) यांनी मोहर हा अलंकार मानला. न मानण्यावर हटून बसलेलं मन मोहरबंद वस्तूसारखं दिसतं, म्हणून तसं म्हटलंय. याउलट अशअरी विचारांचे लोक म्हणत, की जगात जे घडतं ते सगळं अल्लाहच्या निर्मितीनंच घडतं, मोहरही. पण माणूस जे निवडतो ते त्याची स्वतःची कमाई असते आणि जबाबदारी त्या कमाईची.

हा वाद खोल आहे आणि तो कायमचा मिटला असा माझा दावा नाही. मात्र दोन्ही बाजू ज्या आयतींपाशी येऊन टेकतात त्या अगदी स्पष्ट आहेत. सूरह सफ्फ (६१:५) सांगते, की ते वाकडे गेले तेव्हा अल्लाहने त्यांची हृदयं वाकडी केली. क्रम पाहा. आधी माणसाचं वळण, मग मोहर. सूरह अल-आराफ (७:१४६) म्हणते, जे पृथ्वीवर नाहक तोरा मिरवतात त्यांना मी माझ्या खुणांपासून दूर वळवीन. तिथेही कारण आधी दिलंय, तोरा. कॉइल जळण्याचा नियम निसर्गाचाच, पण थर साचू दिला कुणी, हे आपल्याला माहीत असतं.

मातृभाषा अरबी, तरी का कळलं नाही?

वलीद बिन मुगीरा हा मक्केतल्या कुरैश टोळीतला मोठा असामी. पैसा, मुलंबाळं, मान, सगळं होतं. अरबी भाषेची जाणही उत्तम. परंपरेत असं सांगितलं जातं, की त्यानं पैगंबरांच्या तोंडून कुरआन ऐकला आणि तो हलला. यात काही वेगळाच गोडवा आहे, हे माणसाचं बोलणं नाही, असं तो बोलून गेला. बातमी पसरली तसा पैगंबरांचा कट्टर विरोधक अबू जहल धावत आला. कुरैशांचा एवढा मोठा माणूस तिकडे झुकला तर सगळा डावच मोडला असता. काहीतरी विरोधात बोल, असा तगादा त्यानं लावला.

यानंतर काय झालं, ते सूरह मुद्दस्सिरमध्ये (७४:१८ ते २५) आहे. भाष्यकारांच्या मते तिथे वलीदचंच वर्णन आहे. त्यानं विचार केला, बेत आखला. मग पाहिलं. मग कपाळाला आठी घातली, तोंड वाकडं केलं. मग पाठ फिरवली आणि ताठला. आणि म्हणाला, ही तर कुठून तरी आलेली जादू आहे. एका माणसाच्या चेहऱ्यावर पडदा पडतानाचं हे जवळून घेतलेलं चित्र आहे. शब्द त्याला कळले होते, सौंदर्यही कळलं होतं. आड आला तो मान. कबूल केलं तर उद्या कुरैशांच्या बैठकीत बसायचं कुठे?

पैगंबरांनी अहंकाराची जी व्याख्या केली, ती मुस्लिम या नावाच्या संग्राहकाच्या हदीस-संग्रहात आहे. चांगले कपडे, चांगले जोडे आवडणं हा अहंकार नाही. सत्य नाकारणं आणि लोकांना तुच्छ लेखणं हा अहंकार. वलीदच्या कपाळावरची आठी या व्याख्येत बरोबर बसते.

गझालींचे चार पडदे

आता मुख्य भागाकडे येतो. अबू हामिद अल-गझाली (१०५८ ते ११११) हे इराणातल्या तूस गावचे. बगदादच्या निझामिया या त्या काळच्या नामांकित विद्यापीठात १०९१ पासून ते शिकवत होते. १०९५ मध्ये, कीर्तीच्या शिखरावर असताना, त्यांनी ते पद सोडलं. आपण शिकवतोय ते अल्लाहसाठी नाही, नावलौकिकासाठी, असं त्यांना कळून चुकलं होतं. विद्यार्थ्यांपुढे बसल्यावर तोंडून शब्द फुटेना, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. त्यांचा 'इह्या उलूम अद्दीन' हा विशाल ग्रंथ चाळीस भागांचा आहे. त्यातला आठवा भाग कुरआन-वाचनाच्या रीतीवर आहे. कुठे बसावं, आवाज कसा असावा हे त्यात आहेच, पण पुढे ते वाचताना आत काय घडायला हवं याची दहा कामं सांगतात. त्यातलं एक काम म्हणजे समजण्याच्या आड येणाऱ्या गोष्टी दूर करणं. अशा चार गोष्टी ते मोजतात.

पहिला पडदा आहे उच्चारांचा. वाचणाऱ्याचं सगळं लक्ष अक्षर घशातून निघालं की टाळूतून, यातच अडकतं. गझालींच्या शब्दांत, या कामावर एक सैतान खास नेमलेला असतो. तो वाचणाऱ्याला सतत वाटायला लावतो, की अक्षर नीट निघालं नाही, पुन्हा म्हण. सगळा जीव त्या अक्षरात गुंतला तर अर्थ उघडायचा कुठे? आपल्या भागात हे लगेच पटेल. आमच्या दखनी बोलीत घशातला 'क' सर्रास 'ख' होतो, 'कलम'चं 'खलम'. त्यामुळे मक्तबमध्ये, म्हणजे मुलांच्या कुरआन-शाळेत, हाफिजसाहेब (कुरआन तोंडपाठ असलेले गुरुजी) मुलांकडून तेच एक अक्षर घोटून घेतात. ते शिकवायलाच हवं, अक्षर बदललं तर अरबीत अर्थ बदलतो. पण दहा वर्षं शिकून मुलाला अक्षरांची जागा तेवढी ठाऊक झाली आणि एकाही आयतीचा आशय सांगता आला नाही, तर गझालींचं बोट आपल्याकडे आहे.

दुसरा पडदा मला सगळ्यात धारदार वाटतो. माणसानं एक मत ऐकून स्वीकारलेलं असतं, स्वतः पारखून नव्हे. याला तकलीद म्हणतात. मग त्या मताचा अभिमान जडतो, अभिमानाचा हट्ट होतो. वाचता वाचता एखाद्या आयतीतून नवा अर्थ विजेसारखा चमकून जातो, आणि तो ऐकीव मताच्या विरुद्ध असतो. तत्क्षणी तकलीदचा सैतान अंगावर येतो आणि म्हणतो, तुझ्या वाडवडिलांच्या श्रद्धेविरुद्धची गोष्ट तुझ्या मनात आलीच कशी? माणूस दचकतो, त्या अर्थाकडे पाठ फिरवतो. गझाली इथे आणखी एक पाऊल टाकतात. ते मत खरं असलं तरीही ते पडदा होऊ शकतं, कारण सत्याला पायऱ्या असतात आणि हट्टी माणूस पहिल्याच पायरीवर मांडी घालून बसतो. आपल्याकडच्या जमातींची, त्यांच्या वादांची नावं सगळ्यांना माहीत आहेत. मी ती घेत नाही. ज्याला त्याला आपली आठवावी, एवढीच इच्छा.

तिसरा पडदा पापावर अडून राहण्याचा, अहंकाराचा, जगाच्या हव्यासाचा. गंजाची आयत आणि ठिपक्याची हदीस इथेच लागू होते. गझालींच्या मते हाच सगळ्यात मोठा पडदा आणि बहुतेक माणसं यानेच झाकली गेलीत. निझामियातून उठून गेलेल्या माणसाचं हे वाक्य आहे, त्यामुळे त्याला वजन आहे. यात एक बारकावा लक्षात घ्यायला हवा. पाप घडणं हा पडदा नाही, त्यावर अडून राहणं हा पडदा आहे. वजनात मारायचं, पगार बुडवायचा, बहिणीचा वाटा दाबायचा, आणि रात्री त्याच तोंडानं वारशाच्या आयती गोड चालीत म्हणायच्या. कुरआनात चौथ्या सूरहत मुलींचा वाटा स्पष्ट दिलेला आहे. तो वाटा दाबून बसलेल्या भावाला ती आयत ऐकू येते, पण ती आपल्याशी बोलतेय हे कळत नाही. असे पाठांतरवाले भाऊ मी पाहिलेत, म्हणून या पडद्याबद्दल लिहिताना मला शांत राहता येत नाही.

चौथा पडदा विद्वानाचा. एखादं भाष्य, म्हणजे तफसीर, वाचून झालं आणि माणसानं ठरवलं, की इब्ने अब्बास, मुजाहिद वगैरे जुन्यांनी सांगितलं तेवढाच अर्थ, त्यापलीकडे काही नाही. गझाली या जुन्यांचा अनादर करत नाहीत, पण अर्थाचं दार तिथे बंद होतं हे मानत नाहीत. पैगंबरांचे जावई हजरत अली यांचं एक म्हणणं ते पुढे करतात. आमच्याकडे काही खास गुप्त ज्ञान नाही, कुरआनाची जी समज अल्लाह एखाद्या बंद्याला देतो ती सोडून. सगळं सांगून झालेलं असतं तर ही वेगळी समज उरली कुठून? पुढच्या शतकांत सूफींनी याच दाराशी बसून भाष्यं लिहिली. सोलापूरकर ज्यांच्या उरुसाला गुलबर्ग्याला जातात, त्या ख्वाजा बंदानवाज गेसूदराज (मृत्यू १४२२) यांनीही सूफी अंगानं कुरआनावर भाष्य केलंय.

हे चारही पडदे पुन्हा पाहा. उच्चार शुद्ध असलेला, आपल्या पंथाशी निष्ठावान असलेला, तफसीर वाचलेला. निरक्षराचं नाव या यादीत नाही. परधर्मीयाचंही नाही.

मग अरबी न येणाऱ्या माणसानं काय करायचं?

दिवसभर विड्या वळून संध्याकाळी जुझदानातून (कापडी वेष्टनातून) कुरआन काढणारी, रेहलवर (लाकडी घडवंचीवर) ठेवून बोट फिरवत अडखळत वाचणारी बाई सोलापुरात अनेक मोहल्ल्यांत आहे. तिला अर्थ येत नाही. तिचं वाचन फुकट जातं का? परंपरेचं उत्तर स्पष्ट आहे, नाही. एकेका अक्षरामागे दहा पुण्यं, अशी हदीस तिर्मिजींच्या संग्रहात आहे. जो अडखळत, कष्टानं वाचतो त्याला दुप्पट मोबदला, असं बुखारी आणि मुस्लिम या दोघा हदीस-संग्राहकांकडेही आहे.

भाषा न येणं आणि मन बंद असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नये. पहिली अडचण भाषांतरानं सुटते. मराठीत, उर्दूत, कन्नडमध्ये, तेलुगूत भाषांतरं आहेत आणि या चारही भाषा आपल्या शहरात बोलल्या जातात. ज्याला वाचायला सवड आणि डोळे दोन्ही आहेत त्यानं 'पुण्य तर मिळतंयच' म्हणून अर्थाकडे पाठ फिरवणं मात्र मला पटत नाही. सूरह जुमुआ (६२:५) तौरात, म्हणजे मूसांना मिळालेला ग्रंथ, हाती असून न पाळणाऱ्यांना ग्रंथांचं ओझं वाहणाऱ्या गाढवाची उपमा देते, आणि भाष्यकारांनी तो इशारा मुस्लिमांनाही लागू केलाय. आपल्याकडे तुकोबांनीही वेदांचा भार नुसता माथ्यावर वाहणाऱ्यांना सुनावलंच आहे.

मन स्वच्छ असलं की पुरे?

नाही. हा धोका मोठा आहे. 'माझं मन साफ आहे, मला आतून अर्थ कळतो' असं म्हणून कुणी मनाला येईल ते सांगू लागला तर त्याला आवर घालणारी हदीसही आहेच. जो कुरआनाचा अर्थ नुसत्या स्वतःच्या मतानं लावतो, त्यानं आगीत आपली जागा शोधावी.

इजिप्तचे जलालुद्दीन सुयूती (मृत्यू १५०५) यांनी भाष्यकाराला लागणारी पंधरा शास्त्रं मोजली आहेत. भाषा, व्याकरण, शब्दांची घडण, अलंकार, कोणती आयत कोणत्या प्रसंगी आली, कायदा, हदीस, असं सगळं त्यात येतं. पंधरावं शास्त्र मात्र शिकून मिळणारं नाही. जे कळलंय त्याप्रमाणे जो वागतो, त्याला अल्लाह देतो ते ज्ञान. त्याच ठिकाणी सुयूती आपल्या आधीचे विद्वान झर्कशी यांचं म्हणणं देतात. मनात अहंकार, हव्यास, जगाचं प्रेम किंवा पापावरचा अडेलपणा असेल तर अर्थ उघडत नाही. म्हणजे चौदा शास्त्रांची मेहनत चुकत नाही आणि पंधराव्याशिवाय ती पुरी होत नाही.

ही तर टीकाकाराचं तोंड बंद करायची युक्ती!

ही शंका मला सगळ्यात रास्त वाटते. कुणी प्रश्न विचारला की 'तुझ्या मनावर पडदा आहे' म्हणायचं, की झालं. प्रश्नाला उत्तर द्यायलाच नको. असं घडतं, सर्रास घडतं.

पण परंपरेतच याला सणसणीत उत्तर आहे. उसामा बिन झैद हे पैगंबरांचे लाडके तरुण साथी. एका लढाईत समोरचा माणूस हाती सापडला आणि त्यानं कलमा म्हटला, 'अल्लाहशिवाय कुणी पूज्य नाही.' उसामांना वाटलं, हा जीव वाचवायला म्हणतोय. त्यांनी त्याला मारलं. पैगंबरांना हे कळल्यावर ते म्हणाले, 'तू त्याचं हृदय चिरून पाहिलंस का?' हा प्रश्न ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले. उसामांना इतकी लाज वाटली, की आपण आजच मुसलमान झालो असतो तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. दुसऱ्याच्या हृदयावर काय आहे हे ठरवायचा अधिकार माणसाला नाही, हे यापेक्षा कडक शब्दांत काय सांगणार? मोहरेच्या आयतीत मोहर लावणारा अल्लाह आहे. व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन नाही.

शिवाय मुस्लिम घरात जन्म घेतला की पडदा आपोआप गळतो, असंही परंपरा म्हणत नाही. पैगंबरांनी अशा लोकांबद्दल सावध केलं होतं, जे कुरआन वाचतील पण तो त्यांच्या घशाखाली उतरणार नाही. ते नमाजी, रोजेदार लोक होते.

अधिकाराची ही अट एकट्या इस्लामची आहे, असंही नाही. गीतेच्या शेवटच्या अध्यायात (१८.६७) श्रीकृष्ण सांगतात, की हे तप नसलेल्याला, भक्ती नसलेल्याला, ऐकण्याची इच्छा नसलेल्याला आणि माझा मत्सर करणाऱ्याला सांगू नये. ग्रंथ उघडण्याआधी वाचकाचं मन उघडावं लागतं, ही दोन्हीकडची जाण आहे. आणि परधर्मीयाला कुरआन कळूच शकत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी विनोबांकडे पाहावं. ते अरबी शिकले, वर्षानुवर्षं कुरआनाचा अभ्यास केला आणि निवडक आयतींचं 'कुरआन-सार' तयार केलं. त्यांनी धर्म बदलला नाही. पण ग्रंथाजवळ ते नम्र होऊन बसले होते.

पडदा निघतो कसा

फुजैल बिन इयाज (मृत्यू ८०३) हे पुढे मोठे संत मानले गेले. तरुणपणी ते खुरासानच्या, म्हणजे इराणच्या पूर्वेकडच्या जुन्या प्रांताच्या, रस्त्यांवर वाटमारी करत. सांगतात, की एका रात्री ते आवडत्या मुलीसाठी भिंत चढत होते. तेवढ्यात कुणीतरी सूरह हदीदची (५७:१६) आयत म्हणत असलेलं कानावर पडलं, 'श्रद्धा ठेवणाऱ्यांची हृदयं अल्लाहच्या स्मरणानं नरम व्हावीत, अशी वेळ अजून आली नाही का?' फुजैल तिथेच म्हणाले, 'आली, माझ्या मालका, आली.' ते खाली उतरले आणि रात्र काढायला एका पडक्या वास्तूत शिरले. आत काही प्रवासी थांबले होते. एकजण म्हणत होता, निघूया. दुसरा म्हणाला, सकाळ होऊ दे, वाटेवर फुजैल आहे. आपल्या भीतीनं माणसं अंधारात दडून बसलीत, हे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

ही आयत त्यांनी आधी कधी ऐकली नसेल, असं वाटत नाही. त्या रात्री ती त्यांना उद्देशून आली. वाचणाऱ्यानं प्रत्येक आज्ञा, प्रत्येक कथा आपल्यालाच सांगितली जातेय असं धरावं, हेही गझालींच्या दहा कामांपैकी एक.

यासाठी वेग कमी करावा लागतो. पैगंबरांनी एका रात्री पहाटेपर्यंत एकच आयत (५:११८) पुन्हा पुन्हा म्हटली. 'तू त्यांना शिक्षा केलीस तर ते तुझेच बंदे आहेत, आणि माफ केलंस तर तू सर्वसमर्थ, ज्ञानी आहेस.' त्यांच्या साथीदारांपैकी इब्ने मसऊद सांगतात, की ते दहा आयती शिकत आणि त्यातला अर्थ आणि आचरण पदरात पडल्याशिवाय पुढे जात नसत. तीन दिवसांच्या आत सगळा कुरआन संपवणाऱ्याला तो समजला नाही, ही हदीस तर प्रसिद्ध आहे. आपल्याकडे धंद्याच्या सोयीसाठी तरावीहचा कुरआन पाच-सात दिवसांत उरकण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. तीनाच्या वर आहे, म्हणून नियमात बसतं. ऐकणाऱ्याच्या पदरात काय पडतं, याचा विचार मशिदीच्या कमिट्यांनी जरूर करावा.

गझालींच्या यादीतलं दहावं काम मोहरेच्या आयतीला थेट भिडतं. ते म्हणतात, सज्जनांच्या स्तुतीच्या आयती आल्या की त्यांत स्वतःला मोजू नका. त्या दुसऱ्यांच्या आहेत असं समजा आणि त्यांच्यात जागा मिळावी म्हणून प्रार्थना करा. दटावणीच्या आयती आल्या की मात्र त्या आपल्याच आहेत असं समजा. याला जोडून ते दुसरे खलिफा हजरत उमर यांचे पुत्र अब्दुल्लाह यांची गोष्ट सांगतात. ते प्रार्थनेत म्हणत, 'अल्लाह, माझ्या अन्यायाबद्दल आणि माझ्या कुफ्रबद्दल मला क्षमा कर.' ऐकणाऱ्यांना कोडं पडलं. अन्याय समजला, पण कुफ्र, म्हणजे सत्य नाकारणं, ते या माणसाचं कसं? लोकांनी विचारलंही. उत्तरादाखल त्यांनी सूरह इब्राहीमची (१४:३४) एक ओळ म्हटली, 'माणूस खरोखर मोठा अन्यायी आणि कृतघ्न आहे.' यातल्या 'कृतघ्न'साठी मूळ शब्द आहे 'कफ्फार', कुफ्रच्याच धातूतला.